संग्राहकाला ग्रंथ सुचवताना : जेरुसलेममधील एका खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जेरुसलेममधील जुन्या हिब्रू ग्रंथांच्या एका लहान दुकानातले आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली असून काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. या दुकानात मी सूचीकार आहे. आलेल्या प्रत्येक ग्रंथाची पाने मोजणे, तो कोठे आणि कधी छापला गेला हे ठरवणे, त्याची नोंद लिहिणे आणि तो कोणत्या संग्राहकाला सुचवावा याबद्दल मालकांना मत देणे, हे माझे काम. माझा जन्म ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू, कुटुंबातला असल्यामुळे मला मराठी वाचता येते. या व्यवसायात त्याचा उपयोग क्वचितच होतो. या वेळी तो झाला.

संग्रह मूळचा एका विद्वान शिक्षकाचा. ते जर्मनीत शिकले, १९३०च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये आले आणि पुढची पन्नास वर्षे पगारातले पैसे वाचवून पुस्तके घेत राहिले. त्यांच्या पश्चात मुलीने ती कपाटे जशीच्या तशी सांभाळली. मुलगीही गेल्यावर घर विकायचे ठरले आणि नातवंडांनी दुकानाला बोलावले. नातवंडांची मातृभाषा हिब्रू. पण तोरा (ज्यू धर्माचा मूळ ग्रंथ) व तालमूद (धर्मनियमांवरील धर्मगुरूंच्या चर्चांचा बहुखंडी ग्रंथ) यांवरील भाष्ये ज्या ‘राशी’ वळणाच्या अक्षरांत छापतात ती त्यांना सरावाची नव्हती, आणि आजोबांची जर्मन पुस्तके तर त्यांच्या लेखी बंदच होती. घर दोन आठवड्यांत रिकामे करायचे होते. फाटके सिद्दूर, म्हणजे नित्य प्रार्थनांची पुस्तके, आणि सुटी पाने त्यांनी रद्दीच्या पिशव्यांत भरून ठेवली होती. देवाचे नाव छापलेला कागद कचऱ्यात टाकत नाहीत, तो गेनिझात, म्हणजे अशा कागदांसाठी राखलेल्या जागेत, ठेवून पुढे पुरतात, हे सांगून आम्ही त्या पिशव्या आधी उचलल्या. खरेदीची बोलणी नंतर.

बोलण्यांच्या आरंभीच नातवाने एक प्रश्न विचारला : यांत फार मोलाचे काही असेल का? तो अनपेक्षित नव्हता. २०२३च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात ‘कोडेक्स सासून’ हे हिब्रू बायबलचे हस्तलिखित ३ कोटी ८१ लाख डॉलरना विकले गेले, तेव्हापासून घरात जुने हिब्रू पुस्तक असलेला प्रत्येक जण दबक्या आवाजात हाच प्रश्न विचारतो. (ज्यांच्या नावाने ते हस्तलिखित ओळखले जाते ते डेव्हिड सॉलोमन सासून १८८० साली मुंबईत जन्मले होते, हे मी त्याला सांगितले. त्याला त्यात फारसा रस वाटला नाही.) आजोबांकडे हस्तलिखिते नव्हती, छापील पुस्तके होती, सुमारे सहाशे. मालकांनी सबंध संग्रहाची एक रक्कम ठरवली, निम्मी तेथेच दिली आणि उरलेली पेसाहनंतर, म्हणजे वल्हांडणाचा सण उलटल्यावर, देण्याचा करार केला. सणाला साडेनऊ आठवडे उरले होते.

संग्रहात काय होते

बैठकीच्या खोलीत, दर्शनी कपाटात, चामडी बांधणीचा विल्ना तालमूद होता आणि कुटुंबाच्या मते तीच सर्वांत मोलाची वस्तू होती. विल्नाच्या (आजच्या लिथुएनियातील विल्नियसच्या) ‘विधवा व बंधू रोम’ या छापखान्याने (रोम हे आडनाव) १८८० ते १८८६ या काळात काढलेली ती आवृत्ती इतकी प्रमाण ठरली, की आज जगभर शिकला जाणारा तालमूद बहुधा तिच्याच पानांच्या छायाप्रतींवरून छापलेला असतो. यांच्याकडचा संच अशाच नंतरच्या पुनर्मुद्रणाचा होता. संग्राहकाच्या दृष्टीने त्याला किंमत जवळजवळ नाही. आम्ही तो एका येशिवाला, म्हणजे धर्मपाठशाळेला, नाममात्र रकमेत दिला.

खरे मोल आतल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागे होते. युक्रेनमधील स्लाविटा येथे शपिरा घराण्याच्या छापखान्यात निघालेला तालमूदचा एक सुटा खंड. अठराव्या शतकातला एक माहझोर, म्हणजे सणांच्या प्रार्थनांचे पुस्तक. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये छापलेला, रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, दिलेल्या धर्मनिर्णयांचा एक ग्रंथ. युरोपातील छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांसाठी अमेरिकी सैन्याच्या मदतीने हायडेलबर्ग येथे १९४८ ते १९५० या काळात छापलेल्या एकोणीस खंडी तालमूदपैकी तीन खंड. ब्रेस्लाउच्या (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफच्या) ज्यू विद्यापरंपरेतून आलेल्या जर्मन नियतकालिकांची बाडे व त्यांतील लेखांच्या सुट्या प्रती. आणि निरनिराळ्या गावी छापलेल्या तीसेक हगादा. हगादा म्हणजे पेसाहच्या रात्री घरी बसून वाचायची पोथी. त्या तीसांत एक पुण्याची होती.

अडचण

अडचण पैशांची होती आणि वेळेची होती, पण खरी अडचण शिफारशीच्या स्वरूपातच होती. दुकानाचा शिरस्ता असा, की नव्याने आलेल्या ग्रंथांची यादी करावी, ती सर्व गिऱ्हाइकांना एकाच दिवशी पाठवावी आणि जो आधी कळवील त्याला ग्रंथ द्यावा. हे न्याय्य दिसते. पण अशा यादीत पुण्याची हगादा आणि हायडेलबर्गचा खंड एकाखाली एक, चार-चार ओळींत येतात, आणि ज्याला त्यातले एकच हवे आहे त्याच्या डोळ्यांतून ते निसटते. संग्राहक यादी वाचत नाहीत, चाळतात. शिवाय इस्राएलमधल्याच बेने ब्राक शहरातील जे वयोवृद्ध गृहस्थ स्लाविटाचे ग्रंथ जमवतात, त्यांच्याकडे यादी पोहोचते ती नातवामार्फत, आणि ती शुक्रवारी दुपारनंतर पोहोचली तर शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. तोवर ग्रंथ गेलेला असतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नेहमीच्या यादीचा. दुसरा, निवडक ग्रंथ लिलावघराकडे सोपवण्याचा. त्यात किंमत चांगली मिळण्याची शक्यता होती, पण लिलावाची तारीख पेसाहनंतर येत होती, दलाली जाणार होती आणि ज्या गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे दुकानावर भरवसा ठेवला त्यांना आपण डावलल्यासारखे झाले असते. तिसरा पर्याय, सुमारे चाळीस ग्रंथ बाजूला काढून प्रत्येकासाठी योग्य संग्राहक हेरणे, त्याला स्वतंत्र पत्र लिहिणे आणि बाकीचे ग्रंथ नंतर यादीत घालणे.

तिसऱ्या पर्यायाला मालकांचा एक आक्षेप होता आणि तो वजनदार होता. कोणाला काय हवे आहे हे आपल्याला नेमके ठाऊक नसते, कारण संग्राहक ते सांगत नाहीत. याला इतिहास आहे. कबालाचे, म्हणजे ज्यू गूढविद्येचे, थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी १९३७ साली आपल्याला हव्या असलेल्या पुस्तकांची यादीच छापून काढली होती. ती हाती पडताच पुस्तकविक्रेत्यांनी नेमक्या त्याच पुस्तकांच्या किमती चढवल्या, असा किस्सा जेरुसलेममध्ये अजून सांगतात. तेव्हापासून शहाणा संग्राहक विक्रेत्यासमोर उदासीन चेहऱ्याने बसतो. त्याची ओढ कळते ती त्याने पूर्वी काय घेतले यावरून आणि, मला वाटते त्याहून अधिक, त्याने काय परत केले यावरून. दुकानाच्या विक्रीवह्या अकरा वर्षांच्या होत्या. मी परत आलेल्या ग्रंथांच्या नोंदी आधी वाचल्या आणि मगच तिसऱ्या पर्यायाची बाजू मांडली. मालकांनी ती मान्य केली. एक अट घातली, की पत्रात किंमत निश्चित लिहायची आणि घासाघीस होईल असे सूचित करायचे नाही.

‘अॅमस्टरडॅम’ या शब्दाचा आकार

पहिले पत्र मी बेल्जियममधील अँटवर्पच्या एका संग्राहकाला लिहिले आणि त्यात चूक केली. ते गृहस्थ अॅमस्टरडॅमच्या हिब्रू छपाईचे जाणकार आहेत. आमच्या माहझोरच्या शीर्षकपानावर ‘अॅमस्टरडॅम’ हा शब्द पानाच्या निम्म्या रुंदीचा, ठळक टाइपात होता. वर्ष शोधायला मी शीर्षकाखालचे वचन घेतले. जुन्या हिब्रू पुस्तकांत वर्ष आकड्यांत नसते. एखाद्या वचनातील काही अक्षरे मोठी छापलेली असतात आणि त्या अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज म्हणजे हजारांचा आकडा सोडून उरलेले हिब्रू वर्ष. बेरीज ५२४ आली, त्यात १२४० मिळवले, म्हणजे इसवी सन १७६३-६४. हिशेब बरोबर जमल्याचा आनंद असा होता, की त्याच पानावरची बारीक अक्षरे मी वाचलीच नाहीत.

अँटवर्पहून दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यांनी मी पाठवलेले छायाचित्रच परत पाठवले होते आणि ‘अॅमस्टरडॅम’च्या डोक्यावरील एका चिमुकल्या शब्दाभोवती वर्तुळ काढले होते. तो शब्द ‘बे-ओतियोत’, म्हणजे ‘च्या अक्षरांनी’. पुस्तक अॅमस्टरडॅमचे नव्हते; अॅमस्टरडॅमच्या धर्तीच्या टाइपात बव्हेरियातील फ्युर्थ येथे छापलेले होते, आणि फ्युर्थचे नाव पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांनी लिहावे तसे होते. सतराव्या-अठराव्या शतकांत अॅमस्टरडॅमच्या टाइपाची कीर्ती इतकी होती, की जर्मन मुलखातले हिब्रू छापखाने ही युक्ती सर्रास करीत. सूचीकाराला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या दहा गोष्टींत ही गोष्ट येते.

येथे निर्णय घ्यायचा होता. अँटवर्पच्या गृहस्थांची क्षमा मागून प्रकरण मिटवता आले असते. परंतु त्याच आठवड्यात आणखी सहा पत्रे गेली होती, आणि त्यांतल्या नोंदीही मीच, त्याच घाईत केल्या होत्या. मी मालकांना सांगितले, की सातही नोंदी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेऊ आणि तोवर विक्री थांबवू. चार दिवस गेले. एक दोष आणखी सापडला : स्लाविटाच्या खंडातील दोन पाने मूळची नव्हती, कोणीतरी सुंदर हाताने लिहून बसवलेली होती. अक्षर छापील अक्षराशी इतके जुळत होते, की पाने मोजताना लक्षात येत नव्हते. कागद उजेडात धरल्यावर तो वेगळा दिसला.

बेने ब्राकच्या गृहस्थांना ते पत्र अजून दाखवलेले नव्हते. नातवाला विनंती करून ते परत घेतले आणि नवे लिहिले. त्यात पहिलेच वाक्य त्या दोन हस्तलिखित पानांबद्दल होते. गृहस्थ स्वतः आले. स्लाविटाबद्दल हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी ज्यू, समाजात जी भक्ती आहे ती निव्वळ दुर्मिळतेपोटी नाही. तेथील टाइपाची अक्षरे वापरण्यापूर्वी मिकवेच्या, म्हणजे शुद्धिस्नानाच्या, पाण्यात बुडवीत असे सांगितले जाते. १८३०च्या दशकात तालमूद छापण्याच्या हक्कावरून विल्नाच्या छापखान्याशी झालेला वाद, त्यानंतरचे आरोप, छापखाना बंद पडणे आणि शपिरा बंधूंना झालेली फटक्यांची शिक्षा हे सगळे त्या समाजाच्या आठवणीत ताजे आहे. त्यांनी खंड उघडला, ती दोन पाने बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, की छापील पाने तर कोणीही बांधून घेतो. ज्याने हरवलेली दोन पाने हाताने लिहून काढली तो या पुस्तकातून शिकत होता. जो दोष मी पत्राच्या आरंभी भीत भीत लिहिला होता, त्याच्यासाठीच त्यांनी ग्रंथ घेतला. अर्थात सगळेच संग्राहक असे नसतात, आणि यावरून दोषाचे नेहमी सोने होते असा अर्थ काढू नये.

पुण्याची हगादा

ही हगादा १८७४ साली पुण्यात छापली गेली. हिब्रू मजकूर आणि त्याचे मराठी भाषांतर असे तिचे रूप आहे, आणि ती संग्राहकांत प्रसिद्ध आहे ती तिच्यातील चित्रांमुळे. पेसाहची बेखमीर भाकरी, म्हणजे मात्सा, करणाऱ्या बायका त्यात जमिनीवर बसलेल्या, लुगड्यांत दिसतात. जगातल्या हगादांच्या चित्रपरंपरेत हे दृश्य एकमेव म्हणावे असे आहे. विसाव्या शतकात तिचे छायाप्रतीवरून पुनर्मुद्रण निघालेले असल्यामुळे आधी कागद तपासावा लागला. प्रत मूळचीच होती. बांधणी सैल, दोन पानांना कसर लागलेली, समासात हळदीसारखे डाग. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिरांमध्ये किंमत लिहिलेली होती. लिरा हे चलन इस्राएलमध्ये १९८०च्या फेब्रुवारीत बंद होऊन शेकेल आले, तेव्हा आजोबांनी ही प्रत त्यापूर्वी येथेच कोणा विक्रेत्याकडून घेतली असली पाहिजे, आणि त्या विक्रेत्याकडे ती बहुधा १९५० किंवा ६०च्या दशकात मुंबईहून आलेल्या एखाद्या कुटुंबाकडून गेली असावी.

कुटुंबाचा माग लागला तो पुढच्या कोऱ्या पानावरून. तेथे शाईने तीन पिढ्यांची जन्मनोंद होती : आधी मोडीत, मग बाळबोध लिपीत, शेवटच्या दोन ओळी इंग्रजीत. आडनाव अलिबागजवळच्या एका गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ असलेले. आमच्या लोकांची आडनावे कोकणातल्या गावांवरून आहेत आणि ती गावे आम्ही पासपोर्टावर घेऊन फिरतो, असे माझे वडील म्हणत.

आता शिफारस कोणाला करावी? उत्तर अमेरिकेतील एक संग्राहक छपाईच्या गावांनुसार हगादा जमवतात. विक्रीवहीप्रमाणे त्यांनी बगदादची आणि कलकत्त्याची प्रत आमच्याकडूनच घेतली होती, पुण्याची घेतल्याची नोंद नव्हती. दुसरीकडे लोद शहरात आमच्याच समाजाचे एक निवृत्त गृहस्थ राहतात. ते मराठी भाषेतले ज्यू छापील साहित्य जमवतात : प्रार्थनांची भाषांतरे, कीर्तनांच्या पुस्तिका, मासिके, मुंबईच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांच्या, वार्षिक अहवालांपर्यंत सगळे. मी त्यांना काका म्हणतो. त्यांची ऐपत अमेरिकी गृहस्थांच्या जवळपासही नव्हती, आणि मला मनातून प्रत त्यांच्याकडे जावी असे वाटत होते. हे मी मालकांना सांगून टाकले, कारण सूचीकाराचा ओढा लपून राहिला तर शिफारशीत शिरतो.

मालकांनी तीन गोष्टी ठरवल्या. किंमत दोघांनाही एकच सांगायची. आपल्याखेरीज आणखी एकाला कळवले आहे हे दोघांनाही सांगायचे. आणि काकांना सात दिवस आधी विचारायचे. शेवटच्या गोष्टीवर मीच हरकत घेतली. एकाला आधी विचारणे आणि दोघांना सारखे वागवणे हे एकत्र बसत नाही. मालक म्हणाले, की अमेरिकी गृहस्थांना पत्रात तेही लिही. मी लिहिले. त्यांनी सभ्यपणे कळवले, की ते सात दिवस थांबतील.

काका बसने आले. त्यांनी चष्मा पुसून जन्मनोंद वाचली, मोडीच्या ओळी माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या (माझी मोडी कच्ची आहे, एक नाव त्यांनीच दुरुस्त केले) आणि पुस्तक मिटले.

“पोरा, हे मला देऊ नकोस,” ते म्हणाले. “मी पैसे उभे करीन कसे तरी. पण मी गेल्यावर माझी मुलं हे तुझ्याच दुकानात आणून विकतील. त्यांना कुठे मराठी येते?”

मग त्यांनी विचारले, त्या एका पानाचे छायाचित्र मिळेल का. नोंदीतल्या शेवटच्या मुलीला ते ओळखत होते. ती आता आजी होती आणि अश्दोदला राहत होती.

येथे पुन्हा एक प्रश्न आला, आणि तो आम्ही आधी पाहायला हवा होता. त्या पानावर हयात माणसाची जन्मतारीख होती. ग्रंथ विकताना ते पान जगभर फिरणार होते. काकांमार्फत आम्ही त्या बाईंना विचारले. त्यांनी पुस्तक मागितले नाही; त्यांच्या वडिलांनी ते अडचणीच्या दिवसांत विकले होते आणि ती गोष्ट घरात कोणी बोलत नसे. त्यांना सबंध पोथीची छायाप्रत हवी होती. आम्ही ती चांगल्या कागदावर काढून, बांधून दिली. अमेरिकी संग्राहकांनी जन्मनोंदीचे पान छापणार किंवा प्रदर्शित करणार नाही असे लिहून दिले आणि प्रत घेतली.

प्राध्यापक आणि समासातल्या टिपा

विद्वत्तेच्या पुस्तकांबाबत आमचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला. ब्रेस्लाउशी निगडित प्रसिद्ध मासिकाची बाडे, १८५१पासूनची, आम्ही मोलाची मानली होती. १९३९चा शेवटचा खंड गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, जवळजवळ संपूर्ण नष्ट केला आणि तो १९६३ साली पुन्हा छापावा लागला. आजोबांच्या बाडांत तो अर्थातच नव्हता. परंतु ते मासिक आता संगणकावर विनामूल्य वाचता येते, त्यामुळे बाडे कोणाला नको होती. ज्यांना आम्ही यादीच्या शेवटी ‘सुटे लेख, एक खोका’ एवढेच लिहून ठेवणार होतो त्या प्रतींच्या समासांत मात्र आजोबांनी पन्नास वर्षे पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या होत्या : कोणत्या हस्तलिखितात पाठ वेगळा आहे, कोणता दाखला चुकीचा आहे, कोणता लेखक कोणाला न सांगता उचलतो आहे. मी अशा तीन समासांची छायाचित्रे एका प्राध्यापकांना पाठवली. त्यांनी त्याच संध्याकाळी सबंध खोका मागून घेतला आणि आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातर्फे घेतला. बाडे अजून तळघरात आहेत.

हायडेलबर्गचे तीन खंड सर्वांत सोपे गेले. एका गृहस्थांच्या संचात दोन खंड कमी असल्याचे विक्रीवहीत लिहिलेले होते. त्यांना फोन केला. त्यांना हवे होते त्यांपैकी एक आमच्याकडे निघाला. शीर्षकपानावर खाली काटेरी तारा आणि वर ताडाची झाडे असलेला तो खंड घ्यायला ते मुलासह आले.

शेवटच्या पानावरचा शिक्का

व्हेनिसचा ग्रंथ या खरेदीतला सर्वांत महाग ऐवज होता. १५५३ साली रोममध्ये तालमूद जाळला गेला, आणि त्यानंतर इटलीत हिब्रू पुस्तके ठेवायची तर ती चर्चने नेमलेल्या सेन्सॉरकडून तपासून घ्यावी लागत. तो आक्षेपार्ह ओळींवर शाई फिरवी आणि अखेरच्या पानावर सही करी. आमच्या प्रतीत शाई फिरवलेल्या ओळी होत्या, शाई उडून गेल्यामुळे त्या आता वाचता येत होत्या, आणि सहीही होती. अशा सह्या हा काही संग्राहकांचा खास आवडीचा विषय. मी त्याच संध्याकाळी त्यांतील एकांना कळवले. त्यांनी तत्काळ होकार दिला.

दुसऱ्या दिवशी बांधणी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दाखवले, की सहीच्या पानाच्या पाठीमागे कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. उजेडात धरल्यावर पट्टीखाली गोल शिक्का दिसला : जर्मनीतील एका शहराच्या ज्यू समाजाच्या ग्रंथालयाचा.

अशा शिक्क्याचा अर्थ एकच नसतो. नाझी राजवटीत ज्यू समाजाची आणि विद्यापीठांची ग्रंथालये पद्धतशीर लुटली गेली. युद्धानंतर सापडलेली लाखो पुस्तके अमेरिकी सैन्याने १९४६पासून ऑफनबाख येथील कोठारात गोळा केली, आणि ज्यांचा वारस उरला नव्हता ती इतिहासकार सालो बॅरन यांच्या अध्यक्षतेखालील ‘ज्यूइश कल्चरल रीकन्स्ट्रक्शन’ या संस्थेने इस्राएल, अमेरिका व अन्यत्र वाटली. विचारवंत हाना आरेन्ट या संस्थेच्या कार्यवाह होत्या. त्या वाटपातील पुस्तकांना संस्थेची चिठ्ठी लावलेली असे. आमच्या प्रतीवर ती नव्हती. त्याचबरोबर हेही शक्य होते, की ग्रंथालयाने १९३३पूर्वी जादा प्रत म्हणून हे पुस्तक स्वतःच विकले असेल आणि आजोबांनी ते रीतसर घेतले असेल. शिक्का असणे म्हणजे लूट असे नव्हे. पण शिक्क्यावर कोणीतरी पट्टी चिकटवली होती, आणि ती कोणी चिकटवली हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

तीन मार्ग होते. शिक्का उघड करून, किंमत थोडी उतरवून ग्रंथ विकणे. व्यवसायात हे सर्रास चालते आणि कायद्याने कोणी अडवले नसते. लुटीच्या कलाकृतींबाबतची १९९८ची वॉशिंग्टन तत्त्वे सरकारांना उद्देशून आहेत, दुकानाला बांधील नाहीत. दुसरा मार्ग, ग्रंथ नातवंडांना परत करून रक्कम कमी करून घेणे. म्हणजे अडचण त्यांच्या गळ्यात. तिसरा, विक्री थांबवून त्या समाजाच्या आजच्या प्रतिनिधी संस्थेला लिहिणे आणि उत्तराची वाट पाहणे.

होकार दिलेल्या संग्राहकांना आम्ही सगळे कळवले. ते म्हणाले, शिक्क्यासह चालेल, पूर्ण किमतीत चालेल. मालक दोन दिवस गप्प होते. देणे अंगावर होते, आणि या एका विक्रीने त्यातला मोठा भाग फिटला असता. माझे मत विचारले तेव्हा मी तिसऱ्या मार्गाच्या बाजूने बोललो, परंतु माझ्या पैशांची उधारी नव्हती, त्यामुळे त्या मताचे वजन मला स्वतःलाच फार वाटले नाही. शेवटी मालकांनी पत्र लिहिले. नातवंडांनाही कळवले, नातीने विचारले, की आजोबांना शिक्का माहीत असेल का. आमच्याकडे उत्तर नव्हते.

परिणाम

पेसाहपूर्वी चाळीसपैकी सत्तावीस ग्रंथ गेले. उरलेली रक्कम सणानंतर अकरा दिवस उशिरा दिली. नातवंडांनी तक्रार केली नाही. सर्वसाधारण यादी सणानंतर पाठवली आणि तिच्यात फ्युर्थचा माहझोर ‘अॅमस्टरडॅमच्या अक्षरांनी, फ्युर्थ’ अशा नोंदीने होता. तो अँटवर्पच्या गृहस्थांनीच घेतला. फसव्या शीर्षकपानांचा त्यांचा वेगळा कप्पा आहे, असे त्यांनी तेव्हा सांगितले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्याला काय हवे असते हे आपणहून सांगितले.

व्हेनिसच्या ग्रंथाला होकार देणाऱ्या संग्राहकांनी मात्र त्यानंतर आमच्या एकाही पत्राला उत्तर दिलेले नाही. त्यांच्या रागात तथ्य आहे : आम्ही त्यांना जे द्यायला मोकळे नव्हतो ते सुचवले.

आज पुन्हा करायचे झाल्यास

पहिली गोष्ट, ग्रंथ पानोपान तपासून, बांधणी आणि चिकटवलेले कागद उजेडात पाहून झाल्याखेरीज कोणालाही एक शब्द कळवायचा नाही. हे मला आधीही माहीत होते. अडचण ज्ञानाची नव्हती, उत्साहाची होती. चांगली प्रत हाती आली की ज्याला ती आवडेल त्याचा चेहरा आधी डोळ्यांसमोर येतो आणि बोटे फोनकडे जातात. आता दुकानात तपासणी एकाने आणि पत्र दुसऱ्याने करायची अशी विभागणी आहे, आणि पत्राचा क्रमही उलटा केला आहे : आधी गहाळ पाने, बदललेली पाने, शिक्के, पूर्वीच्या मालकांच्या नोंदी, मग छपाईचे गाव व वर्ष, ग्रंथाची थोरवी शेवटी, दोन ओळींत.

दुसरी गोष्ट, पुण्याच्या हगादेबाबत आम्ही दोनच नावांचा विचार केला. येथील राष्ट्रीय ग्रंथालयाला किंवा बेने इस्राएल समाजाच्या एखाद्या संस्थेला विचारण्याचे कोणालाच सुचले नाही, कारण आमच्या डोळ्यांसमोर विक्रीवही होती आणि वहीत संस्था फारशा नव्हत्या. काकांनी प्रत नाकारताना जे कारण दिले, त्याच्यातच हा पर्याय होता. तो मला त्यानंतर तीन आठवड्यांनी दिसला, तोवर प्रत विमानाने गेली होती.

काकांच्या संग्रहाची नोंद करायला मी आता महिन्यातून एकदा लोदला जातो. ती नोंद विक्रीसाठी नाही. कोणते पुस्तक कोठे जावे हे ते प्रत्येकाच्या आत चिठ्ठीवर मराठीत लिहितात आणि मी ते हिब्रूत उतरवतो. व्हेनिसचा ग्रंथ, हे लिहीत असताना, दुकानाच्या लोखंडी कपाटात आहे. जर्मनीहून एक उत्तर आले : चौकशी चालू आहे, जुन्या सूचीचा काही भाग सापडला आहे, कृपया शिक्क्याचे आणखी स्पष्ट छायाचित्र पाठवावे. पट्टी पूर्ण सोडवली तर खालचा कागद फाटेल असे कारागिराचे म्हणणे आहे, म्हणून मागून दिवा धरून छायाचित्र काढले आणि पाठवले.